गिरणीच्या फाटकाबाहेरचे प्रश्न : नोकरी धरण्याआधी गिरणी पारखण्याचा इतिहास

१/ नोकरी पत्करण्यापूर्वी ती जागा कशी आहे हे ओळखायचे कसे? आजच्या तरुणाला पडणारा हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीच्या फाटकासमोर उभ्या राहिलेल्या माणसालाही पडत होता. त्याच्या हाती नेमणूकपत्र नव्हते, नियमांचे पुस्तक नव्हते आणि असते तरी बहुतेकांना ते वाचता आले नसते. तरीही तो काही खुणा पाहत असे, काही प्रश्न विचारत असे. त्या खुणांचा आणि पुढे त्यांचे कायद्यात रूपांतर कसे झाले याचा हा धागा.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाके फिरू लागली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या भागांत धुराडी उभी राहिली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी गिरणी कामगारांची संख्या दीड लाखाच्या आसपास गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही ज्यात मोडत होता त्या जिल्ह्यातून, आलेल्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. घाटावरून साताऱ्याकडचे, पुण्या-नगरकडचे लोकही आले.

३/ हा माणूस बोटीने किंवा पायी-गाडीने मुंबईत उतरे तेव्हा गिरणीचा मालक त्याला कधीच भेटत नसे. व्यवस्थापकही भेटत नसे. भेटत असे तो मुकादम, अर्थात ‘जॉबर’. कामावर घेणे, काम शिकवणे, कामावर देखरेख ठेवणे आणि कामावरून काढणे ही चारही कामे त्या एकाच माणसाच्या हाती होती. खात्यातील यंत्रे बिघडली तर ती सुरू करण्याची जबाबदारीही बहुधा त्याचीच. गिरणी कोणाची आहे यापेक्षा खात्याचा मुकादम कोण आहे, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरे.

४/ मुकादमाची मर्जी फुकट मिळत नसे. काम मिळवताना काही रक्कम, आणि पुढेही पगाराच्या दिवशी काहीतरी हातावर ठेवणे, याला ‘दस्तुरी’ म्हणत. काही मुकादम व्याजाने पैसे देत, काही भाड्याने खोल्या देत, काहींचे एखाद्या दुकानाशी लागेबांधे असत. ज्याने काम दिले त्याच्याच खोलीत राहायचे, त्याच्याच कर्जात अडकायचे, आणि तक्रार करायची तर तीही त्याच्याचकडे. अशा ठिकाणी काम सोडणे म्हणजे डोक्यावरचे छप्परही सोडणे.

५/ मात्र मुकादम हा निव्वळ खलनायक नव्हता. त्याला रोज सकाळी यंत्रांपुढे माणसे उभी करावी लागत. माणसे टिकली नाहीत तर त्याचीच जागा जाई. त्यामुळे गावाकडच्या, ओळखीच्या, शब्दाला जागणाऱ्या माणसांचा गोतावळा त्याला जपावा लागे. अडीअडचणीला उचल देणारा, आजारपणानंतर जागा परत देणारा मुकादम ज्या खात्यात असे, त्या खात्याकडे माणसे आपणहून वळत.

६/ स्त्रियांच्या खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या आणि रिळिंगच्या कामात, हीच सत्ता ‘नायकिणी’च्या हाती असे. नायकीण मर्जीतली असेल तर बाळंतपणानंतर जागा परत मिळण्याची आशा. नसेल तर गरोदरपण म्हणजेच नोकरीचा शेवट. मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला तो १९२९ मध्ये. तोवर गरोदर बाईच्या नोकरीचे भवितव्य एका बाईच्या मर्जीवर टांगलेले होते.

७/ सगळ्यांत अनिश्चित जगणे ‘बदली’ कामगाराचे. पहाटे भोंगा वाजला की तो फाटकापाशी उभा राही. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्या दिवसापुरते काम मिळे. नाहीतर आल्या पावली परत. रोज फाटकाबाहेर किती बदली उभे असतात यावरून आत जागा कशी मिळते याचा अंदाज येई. पण कोणाला आत बोलवायचे ते पुन्हा मुकादमच ठरवी. कायम होण्याच्या आशेवर कित्येकांची वर्षे या उभे राहण्यात गेली.

८/ मग खरी माहिती मिळायची कुठे? गिरणगावात तिचे दोन मोठे झरे होते. पहिला म्हणजे गावकऱ्यांची खोली. एकाच गावचे दहा-वीस पुरुष वर्गणी काढून चाळीतली एक खोली धरत. पाळीप्रमाणे झोपत, पाळीप्रमाणे उठत. त्यांच्यापैकी एकेक जण वेगळ्या गिरणीत, वेगळ्या खात्यात. नव्याने आलेल्या पोराला पहिल्या रात्रीच चार गिरण्यांची हकिगत ऐकायला मिळे. दुसरा झरा खानावळीचा. महिनेवारी जेवण घालणाऱ्या बाईला कोणाच्या गिरणीत पगार कधी होतो हे नेमके ठाऊक असे, कारण तिची उधारी त्यावरच वसूल होत असे.

९/ पहिली खूण पगाराच्या दिवसाची. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याचा, पण महिना संपताच तो मिळत नसे. दहा-पंधरा दिवस उलटल्यावर तो हाती पडे. म्हणजे नव्या कामगाराला पहिला पैसा दिसेपर्यंत दीड महिना उधारीवर काढावा लागे. वाण्याचा, खानावळीचा आणि पठाणाचा हिशेब सुरू होई तो इथेच. न सांगता काम सोडले तर अडकलेला पगार बुडण्याची भीती. उशिरा दिला जाणारा पगार हा कामगाराला फाटकाशी बांधून ठेवणारा दोर होता.

१०/ दुसरी खूण कापाकापीची. ठरलेला पगार किती यापेक्षा हातात किती पडतो, हे महत्त्वाचे. उशीर झाला तर दंड. काही ठिकाणी एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापत. विणताना कापडात दोष राहिला तर ते कापडच विणकराच्या माथी मारून त्याची किंमत वसूल केली जाई. सूत मुळात कच्चे होते, यंत्र जुने होते, हे कारण ऐकून घेणारे कोणी नव्हते. दंडाला मर्यादा नव्हती आणि त्याचा हिशेब कामगाराला दाखवला जात नसे. ज्या गिरणीत कापूस हलका, तिथे सूत वारंवार तुटते आणि विणकराची कमाईही तुटते, हे अनुभवी कामगार जाणून होते.

११/ तिसरी खूण वेळेची. आरंभीच्या काळात गिरणीचा दिवस सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडले की सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस लांबे, हिवाळ्यात आखडे. मग विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास, बाजारात तेजी असताना, दिवे असलेल्या अनेक गिरण्यांनी काम रात्रीपर्यंत खेचले आणि दिवस चौदा तासांच्याही पुढे गेला. कामगारांनी त्याविरुद्ध उघड निषेध केला. आधुनिकतेचे चिन्ह मानला गेलेला विजेचा दिवा कामगाराच्या दृष्टीने धोक्याची खूण ठरला होता.

१२/ चौथी खूण हवेची. कापूस पिंजण्याच्या खात्यात तंतूंचा धुरळा सतत नाका-तोंडात जाई. विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत, वाफ सोडत, खिडक्या बंद ठेवत. मुंबईच्या मे महिन्यात त्या खात्यात उभे राहणे काय असेल याची कल्पना करता येते. यंत्रांचे पट्टे उघडे आहेत की झाकलेले, हे पाहणेही तितकेच गरजेचे होते. धोतराचे टोक किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात अडकला तर माणूस त्यासोबत ओढला जाई.

१३/ पाचवी खूण सगळ्यांना सारखी नव्हती. विणकाम खात्यात, म्हणजे कामगारांच्या बोलीतल्या साच्यांवर, कमाई अधिक होती. पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि सवर्ण विणकर विटाळाचे कारण पुढे करत. दलित कामगार त्यामुळे कमी कमाईच्या खात्यांत अडकून पडले. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन माणसांना आत दोन निरनिराळ्या गिरण्या भेटत होत्या, आणि हा अडथळा केवळ मालकांनी घातलेला नव्हता. तो शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या सहकाऱ्यांनीही जपला होता.

१४/ याच काळात वेगळे उदाहरण मिळते ते नागपुरात. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्यवस्थापक होते बेझनजी मेहता. आरंभी तिथे कामगार टिकत नसत, गैरहजेरी मोठी असे. दंड वाढवण्याऐवजी टाटांनी दुसरी वाट धरली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे, खात्यांत हवा खेळती ठेवण्याची व आर्द्रता राखण्याची यंत्रणा, आग विझवण्याची सोय, १८८६ मध्ये पेन्शन निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. देशभर लागू होणारा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे त्यानंतर २८ वर्षांनी.

१५/ हे निव्वळ दयाबुद्धीने झाले असे म्हणणे अपुरे ठरेल. माणूस टिकला तर यंत्र अखंड चालते, शिकवलेला हात वाया जात नाही, हा त्यामागचा व्यावहारिक हिशेबही होता. पण याच हिशेबाकडे मुंबईच्या अनेक गिरण्यांनी पाठ फिरवली, कारण फाटकाबाहेर बदलींची रांग तयार होती. एक गेला तर दुसरा हजर. कामगारांची चणचण असेल तिथे मालक माणसे जपतो आणि माणसे स्वस्त असतील तिथे फाटक उघडे टाकून बसतो, याचा पुरावा लवकरच खुद्द मुंबईत मिळाला.

१६/ १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून गावाकडे पळाले आणि गिरण्या ओस पडू लागल्या. १८९७ च्या आरंभी परिस्थिती अशी उलटली की राहिलेल्या कामगारांनी रोजच्या रोज रोख मजुरी मागितली, आणि ती त्यांना मिळाली. एरवी दीड महिना थांबवणाऱ्या गिरण्या संध्याकाळी पैसे मोजू लागल्या. रस्त्याच्या कोपऱ्यांवर माणसांसाठी चढाओढीने बोली लागल्याची नोंद आहे. साथ ओसरली, माणसे परतली आणि महिनेवारी पगाराची जुनी रीतही परतली. पगार उशिरा देणे ही गिरणीची अपरिहार्य अडचण नव्हती, हे मात्र त्या काही महिन्यांनी उघड केले.

१७/ खुणा ओळखता येणे आणि नकार देता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाईट मुकादम ओळखूनही ज्याच्या घरी चूल पेटायची आहे तो त्याच्याच दारात जातो. एकट्याची पारख इथे संपते आणि सामूहिक मागणीची सुरुवात होते. महाराष्ट्रात ती सुरुवात ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे ते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी करून आतला कारभार पाहिलेले.

१८/ १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण त्याने मुलांच्या कामाचे तास ठरवले आणि यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. प्रौढ कामगाराला त्यातून फारसे काही मिळाले नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि फॅक्टरी आयोगासाठी एक निवेदन तयार केले. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या अशा : रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय.

१९/ ही यादी पुन्हा वाचावी. गावकऱ्यांच्या खोलीत आणि खानावळीत ज्या खुणा तोंडी सांगितल्या जात, त्यांपैकी बहुतेक इथे मागण्या होऊन कागदावर उतरल्या आहेत. ‘त्या गिरणीत पगार कधी होतो?’ या प्रश्नाचे ‘पगार १५ तारखेच्या आत झाला पाहिजे’ असे वाक्य झाले. १५ तारखेची मागणी आज माफक वाटेल. पण ती मागावी लागली यावरूनच त्या काळची परिस्थिती समजते.

२०/ २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. तासांची लढाई मात्र लांबली. प्रौढ पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाला १२ तास, १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ तास अशी ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकली.

२१/ मुकादमाच्या सत्तेची आणि कामगाराच्या कर्जाची सविस्तर नोंद झाली ती १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाच्या काळात. त्याला व्हिटले आयोग म्हणतात आणि त्यात ना. म. जोशी सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने भरतीसाठी लाच घेण्याची प्रथा नोंदवली आणि भरतीचा अधिकार मुकादमाकडून काढून घेण्याची शिफारस केली. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात असल्याचा आणि त्यांपैकी बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक असल्याचा त्याचा अंदाज होता. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी बदली कार्डांची पद्धत सुरू केली. मुकादमाच्या हाती असलेली फाटकावरची निवड थोडी तरी नियमांत आली.

२२/ आणि मग १९३६ चा वेतन प्रदान कायदा. एक हजारांहून कमी कामगार असतील तर ७ तारखेच्या आत आणि अधिक असतील तर १० तारखेच्या आत पगार. दंड आधी जाहीर केलेल्या कारणांसाठीच, तोही रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही, त्याची नोंद वहीत आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च करायची. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच. अपवाद फक्त दहा किंवा अधिक जणांनी संगनमताने काम सोडल्याचा. एका दिवसासाठी दोन दिवसांचा पगार कापण्याच्या प्रथेला त्या अपवादाबाहेर जागा उरली नाही.

२३/ शेवटचा टप्पा १९४६ चा. त्या वर्षीच्या स्थायी आदेशांच्या कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर एक बंधन घातले. कामाच्या पाळ्या, हजेरी, रजा, पगाराचे दिवस, कामावरून काढण्याची पद्धत, तक्रारीची वाट हे सारे लेखी ठरवायचे. ते इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावायचे. तो फलक कुठे असावा हेही त्या कायद्यात लिहिलेले होते : प्रवेशद्वारापाशी.

२४/ ज्या फाटकासमोर उभे राहून ‘आत कसे आहे?’ असे मुकादमाला, गाववाल्याला, खानावळवालीला विचारावे लागत होते, त्याच फाटकावर त्या प्रश्नाची उत्तरे लावणे मालकाचे कर्तव्य झाले. लोखंड्यांच्या निवेदनापासून या फलकापर्यंत ६२ वर्षे गेली. फलक लागला म्हणून प्रत्येक गिरणी चांगली झाली नाही. बदलींच्या रांगा पुढेही राहिल्या आणि संपही झाले. पण मुकादमाच्या तोंडी शब्दाशी तुलना करता येईल असे काहीतरी कामगाराच्या हाती आले.

२५/ गिरणगावातल्या बहुतेक धुराड्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. तिथे नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाच्या मनातले प्रश्न मात्र ओळखीचे आहेत. काम कोण देतो आणि त्याबदल्यात काय मागतो? पगार ठरलेल्या तारखेला होतो का? ठरलेल्यातून किती कापले जाते? दिवस कधी संपतो? आत सगळ्यांना सारखी वागणूक आहे का? माणसे तिथे टिकतात का, की दारात नेहमी नवी रांग असते? या प्रश्नांची उत्तरे आधीच लेखी मागण्याचा जो हक्क आज सहज वाटतो, त्याची सुरुवात ५,५०० गिरणी कामगारांनी एका निवेदनाखाली केलेल्या सह्यांमध्ये आहे.

#धागा #गिरणगाव #कामगारइतिहास